माणूस मात्र लाख चांगला!

टेक्सासातलं कार्थेज. १९९६ साली अंत्यसंस्काराच्या धंद्यातल्या लाघवी बर्नीने ८१ वर्षांच्या श्रीमंत विधवेच्या पाठीत चार गोळ्या घातल्या आणि तिला घरच्याच फ्रीझरमध्ये, गोठवलेल्या जिनसांखाली ठेवलं. नऊ महिने गावाला तिची फारशी आठवण झाली नाही. बाई पडली खाष्ट; बर्नी तिच्याच पैशांनी लोकांची भर करत होता! गाव त्याच्या इतकं प्रेमात, की सरकारी वकिलालाच खटला परगावी न्यावा लागला. (एरवी ही धडपड आरोपीचा वकील करतो.) रिचर्ड लिंकलेटरच्या २०११च्या ‘बर्नी’ चित्रपटात खरे गावकरीच कॅमेऱ्यासमोर बसून त्याचे गोडवे गातात. शिक्षा भोगताना २०१४ साली जामिनावर सुटलेला बर्नी राहिला कुठे? दिग्दर्शकाच्याच गॅरेजच्या खोलीत. २०१६ साली पुन्हा शिक्षा झाली. ज्युरी अर्थातच परगावची.