जावयाच्या लाचेचा खुलासा

सॅन अँटोनियो, टेक्सास

तीर्थरूप बाबा आणि आईस,


खुशाली मागाहून, आधी त्या लाचेच्या गोष्टीचा निकाल लावते. धाकट्या भावाचा फोन आला होता. म्हणे, आपल्या जावयाने अमेरिकेत सरकारी नोकरीसाठी पैसे भरले, ही बातमी फॅक्टरीच्या वसाहतीतून निघून ठाणा पेट्रोलपंपापर्यंत पोहोचली आहे. कोणी दोन लाख म्हणतं, कोणी पाच. देवळात एका मावशींनी आईला बाजूला घेऊन विचारलं म्हणे, "आमच्या पोट्ट्यासाठीबी पाहा ना, तिकडं रेट काय चालू हाये?"

आई, त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर "हे पेन्शनचे पैसे भरतायत" एवढं मी म्हणाले, आणि तू "बाप्पा! पेन्शन घेतात का देतात?" म्हणत फोन बाबांकडे दिलास. पुढचं ऐकलं नाहीस. त्यामुळे आता सगळं कागदावर लिहून पाठवते. बाबांनी हे मोठ्याने वाचावं. खिडक्या उघड्या असल्या तरी चालेल.

हे शिकायला आले आणि इथल्या फौजेत गेले, तेव्हा तुम्ही महिनाभर आमच्याशी धड बोलला नव्हता, आठवतं? २००९ च्या सुमारास इथल्या सैन्याने एक योजना काढली होती. ग्रीन कार्ड नसलेल्या, पण कायदेशीर राहणाऱ्या माणसांना भाषेच्या किंवा डॉक्टरकीच्या जोरावर भरती करून घ्यायचं आणि नागरिकत्वाचा रस्ता लवकर मोकळा करून द्यायचा. भाषेवर घेतलेल्यांना चार वर्षं पूर्णवेळ नोकरी करावी लागे. २०१६ मध्ये ती भरती बंद पडली, पण ह्यांचा नंबर त्याआधीच लागून गेला. चार वर्षं झाली, बाहेर पडले, आणि आता इथल्या केंद्र सरकारच्या मुलकी नोकरीत आहेत. म्हणजे बाबा, तुमचाच रस्ता. आधी वर्दी, मग हजेरी. फरक एवढाच की तुमच्या हजेरीला आयुध निर्माणीचा भोंगा होता, ह्यांच्या हजेरीला पासवर्ड आहे, आणि तो दर थोड्या दिवसांनी विसरतात.

आता मुद्दा. इथे मुलकी पेन्शन मोजताना फौजेतली वर्षं आपोआप धरत नाहीत. धरायची असतील तर विकत घ्यावी लागतात. खरंच विकत! फौजेत मिळालेल्या मूळ पगाराच्या ३ टक्के रक्कम सरकारजमा करायची. घरभाडं, जेवणभत्ता त्यात धरत नाहीत, फक्त मूळ पगार. चार वर्षांचा मूळ पगार ९०,००० डॉलर धरा, म्हणजे भरायचे २,७०० डॉलर. रुपयात दोन लाखांच्या वर. आकडा वसाहतीने बरोबर काढला, मानलं पाहिजे.

बदल्यात काय मिळतं ते आता आईने ऐकावं. ज्या सलग तीन वर्षांत पगार सर्वांत जास्त, त्यांची सरासरी काढतात. ती ८०,००० डॉलर धरली, तर दर वर्षाच्या नोकरीमागे १ टक्का, म्हणजे चार वर्षांचे ३,२०० डॉलर. दर वर्षाला, जन्मभर. बासष्टी गाठून आणि वीस वर्षं भरून निवृत्त झाले, तर १.१ टक्का. भरलेले पैसे पेन्शनच्या पहिल्याच वर्षात वसूल. अशी लाच असेल तर मावशींना सांग, आमच्यासाठीही दोन-चार घेऊन ठेवा.

हे मात्र तयार नव्हते. "माझीच चार वर्षं, मीच घालवली, आणि परत मीच विकत घ्यायची?" बाबा, त्या रात्री तुम्हाला फोन लावला तो त्यासाठीच. तुम्ही फोनवर जो नियम १९ सुरू केलात! १९७२ चे पेन्शन नियम तुम्हाला पाठ आहेत हे मला माहीत होतं, जावयाला नव्हतं. तुमच्या काळी फौजेची पेन्शन घेऊन मुलकी नोकरीत आलेल्याने एक तर ती पेन्शन चालू ठेवावी आणि नवी नोकरी शून्यापासून मोजावी. नाही तर पेन्शन बंद करून, रुजू झाल्यापासून घेतलेली रक्कम, कम्यूट केलेली रक्कम आणि ग्रॅच्युइटी सरकारला परत करावी, जास्तीत जास्त ३६ मासिक हप्त्यांत, आणि मग फौजेतली वर्षं जोडून घ्यावीत. मुदतीत काहीच कळवलं नाही, तर पहिला पर्याय निवडला असं सरकार समजे. तुम्ही फौजेची पेन्शन ठेवली, शेजारच्या काकांनी हप्ते भरले. कोण शहाणा ठरला यावर ओट्यावर तुमचं जे भांडण चालायचं ते ऐकत आम्ही दहावीची गणितं सोडवली. अजून निकाल लागला नसेलच. दोघेही ठणठणीत आहात, आणि निकाल लागायचा तर कोणालातरी आधी जावं लागेल, तेव्हा न लागलेलाच बरा.

तुमचं ऐकून हे गप्प झाले. शेजारच्या काकांनी हाती आलेली पेन्शन परत केली होती, ह्यांना फक्त ३ टक्के भरायचे होते. इथेही वीस वर्षं काढून फौजेची पेन्शन घेणाऱ्याला ती सहसा सोडावी लागते, तेव्हाच वर्षं जोडता येतात. ह्यांची चारच, त्यामुळे सोडायला काही नव्हतं.

मग कागद. अमेरिकेत सगळं बटण दाबून होतं असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल तर त्याला माझ्याकडे पाठवा. पहिला कागद डीडी २१४, म्हणजे तुमचं डिस्चार्ज बुक समजा. तो ह्यांनी कुठे ठेवला होता? सोफ्याखाली, टीव्हीच्या खोक्यात, टीव्हीच्या गॅरंटी कार्डाबरोबर. तुमची हिरवी लोखंडी पेटी आठवली हो. त्यात पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, वेगळ्या पाकिटात, वरून प्लॅस्टिक, वरून रबर बँड, आणि पेटीला हात लावला की तुमचा आवाज.

तो कागद जोडून फौजेच्या पगार खात्याकडे अर्ज करायचा, की बाबांनो, मला किती मूळ पगार दिलात ते कळवा. ते कळवतात. मग तो आकडा आपल्या कचेरीत द्यायचा, मग कचेरी हिशेब करते, मग पगारातून हप्ते. बाबा, तुम्ही मध्येच विचाराल, "टेबलावर कोणाला भेटून आला का?" टेबलच नाही हो. फोन लावला की गाणं लागतं.

घाई का, तर पहिली दोन वर्षं व्याज लागत नाही, त्यानंतर लागायला लागतं आणि दरवर्षी चढत जातं. आणि नोकरी सोडायच्या आधी पूर्ण रक्कम भरली नाही, तर ती वर्षं गेलीच. शिवाय मुलकी नोकरी स्वतंत्रपणे पाच वर्षं झालीच पाहिजे, तिथे विकत घेतलेली वर्षं चालत नाहीत. रजेसाठी मात्र फौजेतली वर्षं फुकट धरतात. नवख्याला पंधरवड्याला चार तास रजा मिळते, ह्यांना पहिल्या दिवसापासून सहा. ह्यांना एवढंच कलम तोंडपाठ आहे.

धाकट्याला हे वाचून वाईट वाटेल. तो २००४ नंतर फॅक्टरीत लागला, त्याच्या वाट्याला जुनी पेन्शन नाही, एनपीएस आलं. ऑक्टोबर २०२१ पासून फॅक्टरी म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे गेल्यावर त्याचा अर्धा वेळ आपण नक्की कोणाचे हे समजून घेण्यात जातो. त्याला सांगा, बाबांचं नियमाचं पुस्तक रद्दीत देऊ नकोस.

आम्ही बरे आहोत. ऊन तुमच्यापेक्षा कमी नाही. चिन्नोर तांदूळ संपत आला, कोणी येणार असेल तर दोन किलो बांधून द्या.

हप्ते फिटले की पूर्ण भरणा झाल्याचा कागद येईल. त्याचा फोटो पाठवते. आई, तो त्या मावशींना तूच दाखव, पण आकड्यावर बोट ठेवून.

तुमची,
मोठी