कायमची सोळा वर्षांची

"काय हो वहिनी, काल तुमच्याकडे कोण गात होतं? एवढा बारीक आवाज, मला वाटलं कुकरची शिट्टी अडकलीय."

"नातवाची करामत हो, शैलाताई. हात्सुने मिकू लावतो. जपानची गायिका, पण जन्मालाच आलेली नाही."

"म्हणजे?"

"सॉफ्टवेअर आहे. साप्पोरोच्या क्रिप्टन कंपनीनं 2007 च्या ऑगस्टात बाजारात आणलं. आतलं तंत्र यामाहाचं, व्होकॅलॉइड. साकी फुजिता म्हणून कार्टूनना आवाज देणारी एक जण आहे, तिच्याकडून नुसते उच्चार रेकॉर्ड करून घेतले. आता कॉम्प्युटरवर सूर मांडा, खाली अक्षरं भरा, की ही गाते. दम म्हणून लागत नाही मेलीला!"

"दिसायला कशी?"

"पोटऱ्यांपर्यंत लोंबणारे निळसर हिरवे केस, वय सोळा, उंची 158 सेंटिमीटर, वजन बेचाळीस किलो. इतकी वर्षं झाली, सोळाचीच."

"नशीब एकेकाचं."

"लग्नसुद्धा लागलंय! 2018 साली टोकियोत एकानं तिच्या बाहुलीशी समारंभ करून लग्न लावलं. कायद्यात बसत नाही ते सोडा. त्याची आई काही आली नाही. त्याच्या घरात एक यंत्र होतं, त्यात ही दिसायची, त्याच्याशी बोलायची. 2020 मध्ये त्या यंत्राच्या कंपनीनं ती सोयच बंद केली."

"बोलणं बंद? मग झाला की नेहमीसारखा संसार!"

"हसू नका. गाणी कोण करतं, ते ऐका. कुणीही! कॉलेजातली पोरं, रात्री खोलीत एकटी बसून. स्वतःला गाता येत नाही, गायिका परवडत नाही, चारचौघांत तोंड उघडायची लाज. गाणं करायचं, मिकूच्या गळ्यात घालायचं आणि निको निको डोगा या जपानी व्हिडिओ साइटवर टाकून द्यायचं. तो केन्शी योनेझू आज केवढा मोठा गायक, पण सुरुवातीला हाची नावानं हेच करायचा. आणि इसाओ टोमितांसारख्या ऐंशीच्या संगीतकारांनी 2012 मध्ये तिला चक्क वाद्यवृंदासोबत गायला उभं केलं."

"तरी फसवणूकच की."

"कोणाची? तिच्या कार्यक्रमाचं तिकीट काढणाऱ्याला ठाऊक असतं, समोर चित्र आहे. उलट 2024 मध्ये अमेरिकेत नेहमीच्या पारदर्शक पडद्याऐवजी साधा एलईडी लावला, तर लोक भडकले. खरी मिकू नाही दाखवली म्हणे!"

"कमालच आहे."

"मला खुपतं ते वेगळंच. हिबारी मिसोरा, त्यांची फार मोठी गायिका, 1989 मध्ये वारली. 2019 च्या 31 डिसेंबरला एनएचके वाहिनीच्या कोहाकू या गाण्यांच्या कार्यक्रमात यंत्रानं तिच्या आवाजात नवं गाणं गायलं, मध्येच प्रेक्षकांशी बोललंसुद्धा. कोणी रडलं, पण तात्सुरो यामाशिता या गायकानं स्पष्ट सांगितलं, ही विटंबना आहे. मला पटलं बाई. मिकूच्या मागे कोणी मेलेलं नाही. हिबारीला मात्र कोणी विचारलं होतं? आपल्या लताबाईंचं असं कोणी केलं, तर मी टीव्ही बंद करीन."

"आणि उद्या आमच्या ह्यांचा आवाज असा काढून दिला तर?"

"घ्याल?"

"छे हो! पहिल्यांदा चहाच मागतील."