सुंभ जळतो, पीळ राहतो
(कॅरमवाल्यांसाठी स्नूकरचं प्राथमिक मार्गदर्शन)

स्नूकरच्या टेबलापाशी पहिल्यांदा जाणारा मराठी माणूस बहुधा कॅरम खेळून गेलेला असतो, आणि हीच त्याची मुख्य अडचण. म्हणून पहिली सूचना: टेबलावर टाकायला पावडर मागू नये. दुसरी: कॅरमवर मिळवलेलं ज्ञान चपलांसोबत बाहेर ठेवावं. तिथे 15 ग्रॅमचा स्ट्रायकर जेमतेम 5 ग्रॅमच्या सोंगटीवर समोरासमोर आदळतो, तेव्हा जड असल्यामुळे जवळपास निम्म्या वेगाने पुढे जातच राहतो. इथे सगळे चेंडू सारख्याच वजनाचे.

आता पॉकेटच्या तोंडाशी असलेल्या लाल चेंडूवर पांढरा चेंडू सरळ मारा. नववीच्या पुस्तकाप्रमाणे पांढऱ्याने जागीच थांबायचं आणि लालने त्याचा सगळा वेग घेऊन निघायचं. संवेग जुळला, ऊर्जाही जुळली, पैकीच्या पैकी गुण. प्रत्यक्षात काय झालं? लाल पडला. पांढरा क्षणभर थबकला, मग कुणी न सांगता त्याच्यामागे निघाला आणि तोही पडला. याला ‘आज नशीबच नाही’ असं म्हणायची पद्धत आहे. नवशिक्याने ती लगेच उचलावी, कारण खरं कारण कळायला थोडा वेळ लागतो.

ते असं. गडगडणारा चेंडू दोन कामं एकाच वेळी करत असतो: पुढे जाणं आणि स्वतःभोवती फिरणं. त्याच्या ऊर्जेचे सात भाग केले, तर पाच पुढे जाण्यात असतात आणि दोन फिरण्यात. टक्कर होते ती दोन गुळगुळीत गोलांची, एका बिंदूपाशी, डोळ्याचं पातं लवायच्या आत. तेवढ्यात पुढचा वेग काढून घेता येतो; फिरणं थांबवायला पकड लागते, आणि ती तिथे जवळजवळ नसतेच. सुंभ जळला, पीळ तसाच राहिला. पांढरा जागच्या जागी फिरत उभा आहे, खालचं कापड त्याला धरतं आणि पुढे ढकलतं. लालचं नेमकं उलट: त्याला वेग मिळाला, फिरणं मिळालं नाही. तो आधी नुसता घसरत जातो आणि कापड त्याला मागे ओढत ओढत गडगडायला शिकवतं.

टेबल मोकळं असेल, तर शेवटी पांढऱ्याकडे मूळ वेगाचा 2/7 भाग उरतो आणि लालकडे 5/7. बेरीज करा, पूर्ण एक. मध्ये घर्षणाने लुडबुड करूनही संवेग पुरा भरला, कारण कापडाने एकाला जेवढं दिलं तेवढंच दुसऱ्याकडून घेतलं. ऊर्जेचा हिशोब मात्र जुळत नाही. ती 29/49 उरते, म्हणजे सुमारे 59 टक्के. बाकीची उष्णता होऊन कापडात गेली. टेबलाचं भाडं तासावर असतं, ही उष्णता त्यातच धरलेली आहे. वेगळे पैसे देऊ नयेत.

यातलं काहीही नव्याने शोधून काढायची गरज नाही. कोरिऑलिस या फ्रेंच गणितज्ञाने 1835 मध्येच बिलियर्ड्सच्या गणितावर अख्खं पुस्तक लिहून ठेवलं. होय, तोच, चक्रीवादळांच्या धड्यातला. तिरप्या टकरीनंतर गडगडणाऱ्या चेंडूची वाट वाकते आणि ते वळण पॅराबोलाचं असतं, हे त्यात आहे. पुढे 1875 मध्ये जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण लष्करी अधिकाऱ्याने (पंतप्रधान झाले ते वेगळे) स्नूकर जुळवलं. त्याने हे पुस्तक वाचलं होतं असं मानायला काही आधार नाही, आणि त्याचं काही अडलंही नाही.

पांढऱ्याला जागीच थांबवायचा उपाय क्यूच्या, म्हणजे फटका मारायच्या काठीच्या, टोकाशी आहे. चेंडू 52.5 मिलिमीटरचा. उंचीच्या सात दशांशावर, म्हणजे टेबलापासून 36.75 मिलिमीटरवर, क्यू आडवा धरून फटका बसला तर चेंडू न घसरता लगेच गडगडू लागतो. पट्टी काढून मोजू नका, गुण मांडणारा मार्कर बघत असतो. आपल्याला हवा आहे मध्याच्या जरा खालचा फटका. त्याने चेंडू उलटा फिरत निघतो, वाटेत कापड तो उलटा पीळ खाऊन टाकतं आणि लालपाशी पोचताना पीळ शून्य असला तर पांढरा खरोखर जागीच थांबतो. याला ‘स्टन’ म्हणतात. अंतर जास्त असेल तर आणखी खाली किंवा जोरात मारावं. आदळताना उलटा पीळ शिल्लक असेल, तर चेंडू मागे येतो, तो ‘स्क्रू’. त्याहूनही खाली गेलात तर टोक कापडात शिरतं आणि मग चर्चा भौतिकशास्त्राची राहत नाही.

एवढं करूनही पांढरा लालमागोमाग पडतच असेल, तर स्नूकर सोडून बिलियर्ड्स धरा. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 मध्ये त्याच खेळात जगज्जेते झाले. स्नूकरमध्ये असा पांढरा पडल्याबद्दल समोरच्याला 4 गुण द्यावे लागतात. बिलियर्ड्समध्ये लाल पडल्याचे 3 आणि त्यामागून पांढरा पडल्याचे 3, असे 6 गुण तुम्हालाच मिळतात.