दारकरी

वारकरी असतो, टाळकरी असतो, माळकरी असतो. तसा गेल्या वीसेक वर्षांत मराठी संस्थाजीवनात दारकरी निपजला आहे. सार्वजनिक वाचनालय, माजी विद्यार्थी संघ, गृहनिर्माण संस्था, परदेशातलं महाराष्ट्र मंडळ, जिथे म्हणून घटना, कार्यकारिणी आणि वेबसाइट या तिन्ही गोष्टी एकत्र नांदतात तिथे हा असतोच. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी बँकेतली किंवा वीज मंडळातली आणि ती संपलेली, चष्मा कपाळावर. कार्यकारिणीत पद 'निमंत्रित', म्हणजे चहा आहे पण मत नाही. वेबसाइटची पानं पाच. त्यातलं 'आगामी कार्यक्रम' हे पान 2019च्या कोजागरीला अजून आगामीच समजतं. पण वरच्या कोपऱ्यातले दोन दुवे, एक आत येण्याचा आणि एक बाहेर जाण्याचा, दर पंधरवड्याला नवा अवतार घेतात. 'लॉग इन'चं 'प्रवेश' होतं, 'प्रवेश'चं 'सभासद प्रवेशद्वार', मग कुणीतरी विचारतं की बिनसभासदांनी खिडकीतून यायचं का, आणि पुन्हा 'लॉग इन'. यावर हसणं सोपं आहे. संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते नित्यनेमाने चालतं. माझं म्हणणं वेगळं आहे. दारकऱ्याची खोड हसण्याजोगी असेल, पण त्याचं दुखणं खरं आहे. मराठी माणूस दोनच वेळी कमालीचा शिष्टाचारी असतो, येताना आणि जाताना; आणि यंत्र नेमकं त्याच दोन वेळी उद्धटपणा करतं.

यंत्राचा यात फारसा दोष नाही, हे आधी मान्य करू. लॉग म्हणजे मुळात लाकडाचा ओंडका. दोरीला बांधलेला लाकडाचा तुकडा समुद्रात टाकून जहाजाचा वेग मोजत, तो आकडा ज्या वहीत टिपत ती लॉगबुक, आणि अशा नोंदवहीची आठवण ठेवून संगणकात शिरणं-निघणं म्हणजे लॉगिन आणि लॉगआउट. मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीत 1961 साली दाखवलेल्या सीटीएसएस या यंत्रणेत हे दोन शब्द आज्ञा म्हणून होतेच. एकच संगणक अनेकांनी वाटून वापरायचा होता, तेव्हा कोण आला नि कोण गेला याची नोंद हवी होती. पाहुणचाराचा प्रश्नच नव्हता. इंग्रजीत ते खपून गेलं, कारण इंग्रजी क्रियापद तोंड लपवून बसू शकतं. 'लॉग आउट' हे वेबसाइट सभासदाला सांगते आहे की सभासद वेबसाइटला, याचा उलगडा तिथे कधीच करावा लागत नाही. मराठीत ही पळवाट नाही. क्रियापद उच्चारलं की कोण बोलतंय, कुणाशी, अहो म्हणून की अरे म्हणून, हे सगळं एका दमात उघडं पडतं. 'बाहेर पडा' म्हटलं की वेबसाइट बोलते, आणि ज्यांनी आजीव सभासदत्वाचे पैसे एकरकमी भरले त्यांच्याशी ती या भाषेत बोलते. 'बाहेर पड' असं लिहायची तर सोयच नाही. 'निघा' जरा बरं, पण त्यातही घरमालकाचा आवाज येतो. 'निर्गमन' लिहावं तर सभासद सिनेमा सुटल्यासारखे जिना शोधतात, 'निरोप घ्या' लिहावं तर शोकसभेची सूचना वाटते, आणि 'प्रस्थान' लिहायला एवढ्याशा कामासाठी काही पालखी देहूहून निघालेली नसते.

दारकऱ्याचं खरं शास्त्र इथे सुरू होतं. मराठी घरातून निघताना 'जातो' म्हणायची सोय नाही. म्हणालात तर आतून आजी ओरडते, 'येतो म्हण!' ही भाषा जाण्याला, संपण्याला, फुटण्याला नावच देत नाही. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान बंद होत नाही, वाढवलं जातं. देवापुढचा दिवा विझवत नाहीत, शांत करतात. गणपतीचं विसर्जन करतानासुद्धा आपण त्याला पुढच्या वर्षीचं आमंत्रण देऊन ठेवतो. अशा भाषेत वाढलेल्या माणसाने कोपऱ्यात 'बाहेर पडा' हे रोज वाचावं, आणि त्याच्या मनाला काहीच होऊ नये? म्हणून दारकऱ्याने एके दिवशी तिथे 'येतो' लिहिलं. दुसऱ्या दिवशी महिला विभागाचा निषेध आला, म्हणून 'येतो/येते'. ती तिरकी रेघ त्याला दाढेत अडकलेल्या बडीशेपेसारखी सलत राहिली. (कोल्हापूरकडच्या संस्थेला ही अडचण आली नसती, तिकडे बायकाही बिनदिक्कत 'मी येतो' म्हणतात, आणि मालवणात 'येतंय' म्हटलं की स्त्री-पुरुष दोघांचं काम भागतं.) शेवटी त्याला सापडलं, 'येऊ का?' लिंगभेद नाही, आज्ञा नाही, उलट परवानगी मागितलेली. मराठीत लिंकला दुवा म्हणतात आणि दुवा म्हणजे आशीर्वादही, हे ज्यांना आठवतं त्यांना या दोन शब्दांत निमंत्रित सदस्याची प्रतिभा दिसावी.

यावर पहिला आक्षेप असा की सगळे 'लॉगआउट'च म्हणतात, मग हा खटाटोप कशाला? बोलताना म्हणतात, आणि खुशाल म्हणावं. पण बोलणं वेगळं आणि पाटी वेगळी. आपण बोलताना 'चप्पल इथे काढ' म्हणतो, पाटीवर 'कृपया पादत्राणे बाहेर काढावीत' असं लिहितो. पादत्राणे हा शब्द कुणाच्या तोंडी नसून प्रत्येक दारावर आहे. पाटीच्या भाषेची काळजी घेणं ही इथली जुनी परंपरा आहे. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो दरबारातल्या फारसी-अरबी शब्दांना पर्याय देण्यासाठीच, आणि सावरकरांचे 'महापौर' आणि 'दिनांक' आज कुणाला घडवलेले वाटतही नाहीत. फसतो तो दारकरी इथेच. परंपरेचा आधार मिळाला की त्याला थांबायचं कुठे हे कळत नाही. मराठी विकिपीडियावर 'सनोंद प्रवेश' असा शब्द वापरात आला. त्यात चूक काढायला जागा नाही, पण ऐकताच मुद्रांक कार्यालयाच्या रांगेत उभं राहिल्यासारखं वाटतं. दारकऱ्याच्या वहीत असे शब्द भरलेले असतात. 'स्वागतकक्ष', 'अंतःप्रवेश', आणि परवलीच्या शब्दाला 'किल्ली'. किल्ली हरवली म्हणून तीन सभासद खरोखर कार्यालयात येऊन गेले, अशी त्याच्याविषयीची दंतकथा प्रत्येक संस्थेत सांगितली जाते, आणि ती कुठेही खोटी वाटत नाही.

दुसरा आक्षेप तांत्रिक आहे आणि तो नेहमी कुणाच्या तरी पुण्यात नोकरी करणाऱ्या भाच्याकडून येतो, 'काका, हे पाच मिनिटांचं काम आहे.' नाही. या संस्थांच्या वेबसाइटी बहुधा वर्डप्रेसवर असतात. मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी 27 मे 2003 रोजी ते पहिल्यांदा प्रसिद्ध केलं, आणि आज जगातल्या दर पाचांपैकी दोन वेबसाइटी त्यावर चालतात. त्यात हे दोन्ही दुवे एकच छोटं फंक्शन काढून देतं: माणूस आत असेल तर बाहेरचा, बाहेर असेल तर आतला. त्यावरचे शब्द बदलायचे तर फंक्शन्स.पीएचपी नावाच्या फाइलला हात लावावा लागतो, आणि तिथे एक अर्धविराम राहिला की वाचनालयाचं शंभर वर्षांचं कार्य एका पांढऱ्या पानात लुप्त होतं. 2019पासून निदान काहीतरी बिघडलं आहे अशी ओळ तरी दिसते. बदल मूळ थीममध्ये केला असेल तर पुढच्या अपडेटबरोबर तो वाहून जातो; म्हणून त्यासाठी चाइल्ड थीम करावी, हे ज्ञान दारकऱ्याला तिसऱ्यांदा वाहून गेल्यावर झालं. प्रवेशाच्या पानावर वर्डप्रेसचं बोधचिन्ह असतं. ते काढून त्याने संस्थापकांचा फोटो बसवला, पण ती जागा 84 पिक्सेलची, आणि संस्थापकांची पगडी तेवढ्यात मावणारी नव्हती. आता कपाळापासून खालचे संस्थापक सभासदांकडे रोखून पाहतात. आणि बाहेर पडल्यावर? आपण होऊन काही सांगितलं नाही तर यंत्र निघालेल्या माणसाला पुन्हा प्रवेशाच्याच पानावर, म्हणजे बंद दारासमोर, आणून सोडतं. पाहुण्याला उंबऱ्याबाहेर काढून, दार लावून, वर 'आता तुम्ही बाहेर आहात' असं बजावण्यासारखं हे आहे. दारकऱ्याने त्याला मुखपृष्ठावर, कोजागरीच्या फोटोपाशी, नेऊन सोडलं. एवढ्यासाठी तरी त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार व्हायला हरकत नव्हती.

मात्र एका जागी यंत्रच त्याच्यापेक्षा मराठी निघालं, आणि ते त्याला ओळखता आलं नाही. बाहेर जाण्याच्या दुव्याला वर्डप्रेस एक तात्पुरती सांकेतिक खूण जोडतं. ती जेमतेम एक दिवस टिकते. ती नसेल तर कुठल्याही परक्या पानावरून आपल्याला फसवून बाहेर काढता येईल, म्हणून ही खबरदारी. दारकऱ्याने दुवा मेनूत हाताने टाइप केला, साहजिकच खूण राहिली, आणि यंत्राने प्रत्येक सभासदाला विचारायला सुरुवात केली की तुम्हाला खरंच बाहेर पडायचं आहे का? म्हणजे काय, तर 'अहो, निघालात इतक्यात? बसा की.' ज्या अगत्यासाठी तो वर्षभर झटला ते आयतं समोर उभं राहिलं होतं. त्याने ते बिघाड समजून दोन आठवडे खपून दुरुस्त केलं.

तिसरा आक्षेप सर्वांत बोचरा, दाराची एवढी मशागत, पण दाराच्या आत आहे काय? खरं सांगायचं तर फारसं काही नाही. वर्गणीची पावती मिळेल या आशेने आत गेलेल्या सभासदाला स्वतःचं नाव दिसतं, आणि पडद्याचा रंग कोणता हवा, कॉफी की मध्यरात्र की सूर्योदय, असा प्रश्न दिसतो. पण यात दारकऱ्याचा काय गुन्हा? आतला मजकूर म्हणजे अहवाल, आणि अहवाल चिटणिसांच्या कपाटात. हिशेब खजिनदारांकडे, आणि खजिनदार मुलीकडे. फोटो अध्यक्षांच्या फोनमध्ये, आणि त्यातून कुठला द्यायचा हे वार्षिक सभेत ठरणार. ठराव, सूचक, अनुमोदक यांच्याशिवाय ज्याला हात लावता येतो अशा जागा संपूर्ण संस्थेत दोनच आहेत, आणि त्या कोपऱ्यातल्या आहेत. शिवाय तो नुसता सजवत नाही, राखतोही. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याला हत्तीने धडक देऊ नये म्हणून अणकुचीदार खिळे आहेत. त्याच हिशेबाने दारकऱ्याने प्रवेशाच्या पानाचा नेहमीचा पत्ता लपवून गुप्त पत्ता केला. आंधळेपणाने दारं ठोठावत फिरणारे बॉट यामुळे बरेच कमी होतात, हे खरं आहे. ठरवून आलेला चोर यामुळे थांबत नाही, हेही खरं आहे. मग तो गुप्त पत्ता त्याने सर्व सभासदांच्या माहितीसाठी ग्रुपवर टाकला आणि पिन करून ठेवला.

आता उरला शेवटचा आक्षेप, की मुळात लॉगआउट कुणी करतच नाही; लोक खिडकी बंद करून उठतात. बरोबर आहे. 'मला लक्षात ठेवा' या चौकोनात खूण केली की वर्डप्रेस माणसाला 14 दिवस आत ठेवून घेतं, आणि कार्यालयातल्या संगणकावर खजिनदार महिन्यातले बहुतेक दिवस आतच असतात, मग बसलेलं कुणी का असेना. पण 'येऊ का?' म्हणून तरी आपल्याकडे कोण लगेच जातो? ते म्हटल्यावर पाहुणा उठतो, चपला घालतो, आणि मग दारात उभ्या-उभ्या अर्धा तास खऱ्या गप्पा होतात. यजमान शेवटी म्हणतात, 'या.' दारकऱ्याच्या हे अलीकडेच ध्यानात आलं आहे. येणाऱ्याला 'या', जाणाऱ्यालाही 'या'. एकच फंक्शन, एकच शब्द, तिरकी रेघ नाही. गेल्या पंधरवड्यापासून दोन्ही दुव्यांवर 'या' एवढंच आहे, आणि आपण सध्या आत आहोत की बाहेर, हे विचारायला सभासद त्याच्या घरी फोन करताहेत.