एक्कावन्नावा पैसा

सरकारला डोळे नसतात, आणि असलेच तर ते सदैव वरच्या दिशेला वळलेले असतात, असा एक प्रवाद पारावर, एस.टी.च्या थांब्यावर आणि क्वचित विधिमंडळाच्या सभागृहातही ऐकू येतो; परंतु हा प्रवाद पसरविणाऱ्या मंडळींनी महसूल खात्याचा पैसेवारीचा तक्ता कधी हाती धरलेला नसावा, अन्यथा ओढ्याअलीकडच्या गावाचे पीक पन्नास पैसे आणि ओढ्यापलीकडच्या गावाचे एक्कावन्न पैसे एवढे बारीक अंतर ज्या दृष्टीला दिसते, तिला आंधळी म्हणण्याचे धाडस कोणाही विचारी माणसाला झाले नसते. दृष्टिदोष असलाच तर तो ओढ्यापलीकडच्या गावाचा. तेथल्या रहिवाशांना आपली बाजरी आणि अलीकडची बाजरी सारखीच करपलेली दिसते, दोन्ही गावांच्या विहिरींचा तळ सारखाच उघडा दिसतो, दोन्हीकडची गुरे एकाच बाजारात एकाच पडत्या भावाने विकली जाताना दिसतात, आणि एवढ्या ढोबळ साम्यावर भाळून ही भोळी माणसे तहसील कचेरीसमोर उभी राहतात आणि विचारतात की, त्यांना सवलती आणि आम्हाला का नाहीत?

कारण एक पैसा, हे त्याचे उत्तर आहे. शहरी वाचकासाठी थोडा खुलासा करणे प्राप्त आहे. एखाद्या गावचे पीक पुरते आले तर ते शंभर पैसे, आणि प्रत्यक्षात जितके आले तितकी त्याची पैसेवारी. १९५७ साली नाणी दशमान झाली त्यापूर्वी हाच हिशेब सोळा आण्यांत होई, आणि गावोगावची माणसे अजूनही ‘आणेवारी’ हाच शब्द वापरतात. प्रथम नजरअंदाज पैसेवारी, मग सुधारित, आणि डिसेंबरात अंतिम, अशा तीन पायऱ्यांनी हा आकडा सिद्ध होतो. पन्नास पैसे किंवा त्याहून कमी भरली तर गाव टंचाईग्रस्त ठरून जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीस स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्काची माफी इत्यादी लाभांचे दार उघडते. एक्कावन्न भरली तर त्या गावाचे पीक समाधानकारक असते. कोणाचे समाधान होते याचा उल्लेख आदेशात नसतो, परंतु ते खातेदाराचे नसावे असा तर्क करता येतो.

हा आकडा हवेतून येतो, असा जो दुष्ट समज आहे तो मात्र साफ खोटा आहे. तो जमिनीतूनच येतो, आणि तोही मोजूनमापून. पीक कापणी प्रयोग ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी तो एकदा अवश्य पाहावा. गाव ठरले, शेत ठरले, शेताचा कोपरा यदृच्छ अंकांच्या तक्त्यावरून ठरला, म्हणजे मंडळ अधिकारी, तलाठी, कृषी सहायक, सरपंच आणि दोन-चार प्रतिष्ठित शेतकरी यांच्या उपस्थितीत चार खुंट्या ठोकल्या जातात, सुतळी ताणली जाते, आणि बहुतेक पिकांच्या बाबतीत दहा मीटर लांब व पाच मीटर रुंद असा एक चौकोन उरलेल्या पृथ्वीपासून विभक्त केला जातो. त्या चौकोनातली कणसे खुडायची, ताडपत्रीवर बडवायची, उफणायची आणि दाणे काट्यावर घालायचे. सुतळीवरच उगवलेले ताट आत धरावे की बाहेर, यावर जो वाद होतो तो उच्च न्यायालयात शोभावा अशा गांभीर्याने होतो. शेताच्या मालकाला हे ताट बाहेर हवे असते, कारण आपल्याच शेतात पीक कमी निघावे अशी प्रार्थना करण्याची वेळ त्याच्यावर आलेली असते. आणि ज्या माणसाने जूनपासून त्या ताटावर जीव टाकला त्याने ऑक्टोबरात त्याच्याविरुद्ध कैफियत मांडावी, असा हा योग अन्य कोणत्याही व्यवसायात सहसा जुळून येत नाही.

आता थोडा हिशेब करू. दहा मीटर गुणिले पाच मीटर म्हणजे पन्नास चौरस मीटर, म्हणजे हेक्टरचा दोनशेवा हिस्सा. तेव्हा काट्यावर एक किलो दाणा अधिक भरला की कागदावर हेक्टरी दोन क्विंटल पीक वाढते. बाजरीचे प्रमाण उत्पन्न हेक्टरी दहा क्विंटल धरले, तर एक पैसा म्हणजे हेक्टरी दहा किलो, आणि चौकोनापुरते पाहिले तर अवघे पन्नास ग्रॅम, म्हणजे एक मूठभर बाजरी. दोन-चार प्रयोगांची सरासरी काढतात हे खरे, परंतु मग प्रत्येक चौकोनातून एक मूठ, एवढाच काय तो फरक. ताडपत्रीच्या घडीत जेवढे दाणे अडकून राहतात, किंवा चिमण्यांचा एक थवा भल्या पहाटे कणसांवर उतरून जेवढे टिपून जातो, तेवढ्या दाण्यांवर एका गावाची वर्षाची वसुली, पोरांची फी आणि पंपाची वीज तोललेली असते. यातून निघणारा निष्कर्ष कृषी विद्यापीठांनी अद्याप ध्यानी घेतलेला दिसत नाही: ज्या गावात पोरे माळ्यावर उभी राहून गोफण नेमाने चालवतात ते गाव एक्कावन्न पैशांत जाते, आणि ज्या गावचे राखणदार आळशी असतात त्याला सवलत मिळते. अशाच एका चौकोनाच्या कडेला उकिडव्या बसलेल्या म्हाताऱ्याने विचारले म्हणतात, “भाऊसाहेब, पाखरांनी खाल्लेलं कुठं धरायचं?” तलाठ्याने प्रपत्र उलटसुलट पाहिले आणि प्रामाणिकपणे सांगितले, “आजोबा, पाखरांचा रकाना नाही.”

इंग्रजी अमदानीतील अधिकाऱ्यांची नजरही काही कमी तीक्ष्ण नव्हती. मुंबई इलाख्यात पीक चार आणे किंवा त्याहून कमी आले तर वर्षाचा सारा तहकूब करावा, असा नियम होता. आणि १९१८ साली गुजरातेतील खेडा जिल्ह्यात पीक बुडाले तेव्हा ते चार आण्यांच्या आत आहे असे रयतेचे म्हणणे पडले, तर चार आण्यांच्या वर आहे असे सरकारी दप्तराचे. एवढ्या अल्प मतभेदावर गांधी आणि वल्लभभाई यांनी सत्याग्रह उभारला, खातेदारांची गुरेढोरे आणि भांडीकुंडी जप्त झाली, आणि साम्राज्याला अखेरीस ज्यांची ऐपत आहे त्यांच्याकडूनच सारा घेण्याची तडजोड करावी लागली. त्याआधी १८९६ च्या दुष्काळात टिळकांनी ‘केसरी’तून रयतेला दुष्काळ संहितेतील तरतुदी समजावून देण्याचा जो उद्योग केला तोही याच जातीचा होता. नियम जे देतो ते तरी पदरात पाडून घ्या, एवढेच त्यांचे सांगणे होते, आणि ते सरकारला भलतेच झोंबले. सरकारला सूक्ष्मदृष्टी असावी याला कोणाची हरकत नसते. ती रयतेलाही असावी, हे मात्र कोणत्याच राजवटीला फारसे मानवत नाही.

स्वराज्यात या कलेने पुढचा टप्पा गाठला. १९६३ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून ‘दुष्काळ’ हा शब्दच वगळण्याचा अधिनियम संमत केला आणि त्याच्या जागी ‘टंचाई’ची स्थापना केली. शासन शेतीच्या परिस्थितीवर अखंड लक्ष ठेवून असते, टंचाईची चिन्हे दिसू लागताच उपाययोजना होते, सबब दुष्काळ पडण्यास आता वावच उरलेला नाही, असा त्यामागचा युक्तिवाद होता. ही गोष्ट पावसाच्या कानावर घालण्याचे राहून गेले असावे, कारण १९७२ साली तो आला नाही. त्या टंचाईत लोकांनी लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या, सुकडी खाल्ली, आणि १९७३ च्या मे महिन्यात राज्यभरच्या दुष्काळी कामांवर, म्हणजे अर्थातच टंचाईच्या कामांवर, जवळजवळ पन्नास लाख माणसे खडी फोडत आणि पाझर तलावांची माती उपसत होती. कामे निघाली, लोक जगले, आणि त्याच अनुभवातून रोजगार हमी योजनेसारखी देशाला वाट दाखविणारी गोष्ट उभी राहिली, याचे श्रेय देण्यात कसूर करू नये. मात्र ज्या कायद्याने दुष्काळ नाहीसा केला होता, त्याने यांपैकी एकाही माणसाच्या डोक्यावरची पाटी उतरविली नाही.

शब्द एकदा कायद्यातून गेला तरी जिभेवरून जात नाही, अशी अडचण पुढे आली, आणि तिच्यावर ‘सदृश’ या प्रत्ययाचा उतारा सापडला. २०१८ च्या ऑक्टोबरात २३ तारखेला १८० तालुक्यांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ जाहीर झाली, आणि आठच दिवसांनी, ३१ तारखेला, १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला; त्यांतही ११२ ठिकाणी तो गंभीर होता आणि ३९ ठिकाणी मध्यम. दुष्काळासारखा दिसणारा परंतु दुष्काळ नसलेला असा हा जो पदार्थ आहे, तो ओळखण्यासाठी खास तयार झालेला डोळा लागतो. दुष्काळसदृश गावाला पाणीसदृश द्रवाचा टँकर पाठवावा, अशी सूचना अद्याप कोणी केली नाही याबद्दल मात्र संबंधितांचे आभार मानले पाहिजेत.

केवळ अवर्षणातच ही नजर चालते असे समजू नये. पाऊस फार झाला तरी ती तितकीच सावध असते. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर अतिवृष्टी, आणि ६४ झाला तर तो नुसता पाऊस; आणि तो कोठे मोजायचा, तर अनेक गावांच्या त्या मंडळात जेथे पर्जन्यमापक बसविला असेल तेथे. ढगाने पर्जन्यमापक टाळून चार कोसांवर सोयाबीन वाहून नेले तर तो ढग नियमबाह्य वागला, त्याला सरकार काय करणार? नुकसानीचेही तसेच. पूर्वी निम्मे पीक गेल्याशिवाय मदतीचा विचार होत नसे, २०१५ पासून ही मर्यादा ३३ टक्क्यांवर आली. म्हणजे शाळेत पोराला उत्तीर्ण व्हायला ३५ लागतात आणि बापाच्या शेताला नापास व्हायला ३३. अलीकडे या कामी उपग्रहही जुंपले आहेत, आणि ते शेकडो कोसांवरून जमिनीचा हिरवेपणा मोजतात. गाजरगवतही हिरवेच असते, हे त्यांना कोणी सांगितले आहे की नाही याची चौकशी करायला हवी.

आणि समजा, एवढ्या सगळ्या सुतळ्या, काटे आणि उपग्रह यांच्यातून गाव सहीसलामत पन्नास पैशांच्या आत उतरले, तरी रयतेचा अडाणीपणा संपत नाही. कर्जवसुलीला ‘स्थगिती’ मिळाली की कर्ज ‘माफ’ झाले, असे समजून माणसे पेढे वाटतात. तहकुबी निराळी आणि सूट निराळी, हा भेद पेशवाईपासून दप्तरात चालत आला आहे. वसुली थांबते, पुनर्गठन होते, हप्ते लांबतात, आणि व्याज आपल्या गतीने चालत राहते. जी सूट खरोखरच सूट असते ती जमीन महसुलाची, आणि जिरायत जमिनीचा महसूल हल्ली इतका थोडा असतो की, तो माफ झाल्याचा दाखला काढायला तालुक्याला जायचे एस.टी.चे भाडे पुष्कळदा त्याहून जड पडावे.

रेषा कोठेतरी आखावीच लागते, असे यावर कोणी प्रौढपणे म्हणेल, आणि ते म्हणणे बिनतोड आहे. पन्नासावर आखली तर एक्कावन्नवाला रडणार, साठावर आखली तर एकसष्टवाला. माझी तक्रार रेषेविषयी नाहीच. ज्या काट्यात एका मुठीची चूक सहज सामावते, त्या काट्याने एका पैशाचा निवाडा करण्याचा जो आत्मविश्वास आहे, त्याने मी भारावून गेलो आहे. सोनाराच्या दुकानात लाकडे तोलण्याचा काटा दिसला तर गिऱ्हाईक पायरीवरूनच परत फिरेल. आणि ही बारीक नजर नेमकी देणे लागू होण्याच्या उंबरठ्यावरच का जागी होते, एरवी गावात टँकर आठवडाभर फिरकला नाही तर ती का मिटलेली असते, हे शोधण्याइतकी सूक्ष्मदृष्टी माझ्याजवळ नाही.

तरी एक व्यवहार्य सूचना करून ठेवतो. बीडकडच्या गावांत जुलै-ऑगस्टाच्या सुमारास ऊसतोडीचा मुकादम फिरकतो. तो सुतळी आणत नाही, काटा आणत नाही; बांधावरून एकदा शिवाराकडे पाहतो, एकदा दावणीकडे पाहतो, आणि यंदा या गावातून किती कोयते निघतील आणि किती उचलीवर निघतील, हे ओट्यावर चहा संपण्यापूर्वी सांगतो. एक कोयता म्हणजे एक नवराबायको. त्याचा अंदाज चुकला तर पदरचे पैसे बुडतात, म्हणून तो सहसा चुकत नाही. शासनाने नजरअंदाज पैसेवारी या गृहस्थाच्या वहीवरून घ्यावी. खर्च वाचेल आणि आकडाही आधीच हाती येईल. ही सूचना मंत्रालयात पोचली तर ती फेटाळली जाणार नाही, याची मला खात्री आहे. ती विचाराधीन राहील, मुकादमास पंचनाम्यावर स्वाक्षरीचा अधिकार आहे काय यावर विधी विभागाचे अभिप्राय मागविले जातील, आणि मग रीतीप्रमाणे चावडीवर नोटीस लागून ग्रामस्थांच्या हरकती पंधरा दिवसांच्या मुदतीत मागविल्या जातील. ग्रामस्थ तेव्हा कोल्हापूर-सांगलीकडच्या फडात असतील. गाळप संपले की मार्च-एप्रिलात ते परततील, आणि मुदतीत एकही हरकत न आल्याने गावची एक्कावन्न पैसे पैसेवारी कायम झाल्याचे त्यांना चावडीवर वाचता येईल.