शुद्धीतला एक माणूस पाहिजे

फेब्रुवारीत दिंडोरीकडच्या मळ्यांना हल्ली दोन पिकं येतात, द्राक्षं आणि मैफली. यंदाच्या अशाच एका मैफलीचं तिकीट पुतण्याने फोनवर पाठवलं. त्यात वाइनचे दोन ग्लास अंतर्भूत आहेत. खाली बारीक अक्षरांत नियम आहेत. मद्यपान करून वाहन चालवू नये. येण्याजाण्याची व्यवस्था प्रेक्षकांनी आपापली करावी. पार्किंग पास वेगळा घ्यावा, पैसे परत मिळणार नाहीत.

तिन्ही नियम ओळीने वाचले की आयोजकांच्या मनातलं चित्र लख्ख दिसतं. नाशिक शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवरचा मळा, रात्रीची वेळ, एक गाडी, चौघांच्या हातात ग्लास आणि स्टेअरिंगवर पाचवा. हा पाचवा म्हणजे प्रत्येक मित्रमंडळात एक असतोच, तो न पिणारा. हजारो माणसांची वाहतूक व्यवस्था या इसमावर उभी आहे आणि त्याला ते कोणी कळवलेलंसुद्धा नाही.

कळवतात ते मित्र. एका रात्रीत त्याला व्हॉट्सॲपच्या नव्या ग्रुपात ओढलं जातं आणि पहिलाच मेसेज येतो, ‘भावा, तू तसाही घेत नाहीस ना?’ तुला गाणं आवडतं का, हे कोणी विचारत नाही. बैलाला शर्यतीची आवड आहे का, हे तरी कोण विचारतं? वर्षभर ‘एक घे रे, काय होतंय’ म्हणून ज्याचा जीव खाल्ला, त्याच्या हातात त्या संध्याकाळी कोणी चुकून ग्लास ठेवला, तर चौघं किंचाळत धावून येतात. ‘ए, त्याला नको! त्याला नको देऊ!’ स्वतःच्या आईने घेतली नसेल एवढी काळजी. त्याच्या वाट्याचे दोन ग्लास मग उरलेल्या चौघांत वाटले जातात. तिकिटाचा खर्च मात्र पाचांत सारखा. म्हणजे हा गृहस्थ स्वतःच्या पैशाने मित्रांना झिंगवतो, स्वतःच्या पेट्रोलने घरी पोचवतो आणि मधल्या वेळात लिंबू सरबताच्या रांगेत उभा राहतो. ते सरबत तिकिटात अंतर्भूत नाही.

हे मी तटस्थपणे लिहितो आहे. मला पित्ताचा त्रास आहे, एवढंच. पण त्या एका पित्ताच्या जोरावर मित्रांची दोन लग्नं, तीन बढत्या आणि एक घटस्फोट साजरा झाला आहे आणि प्रत्येक वेळी मध्यरात्री कसारा घाटात मागच्या सीटवरून ‘जरा गाडी बाजूला घे’ ही हाक मीच ऐकली आहे.

दुसरे पर्याय नाहीत का? आहेत की. रेल्वे आहे. पंचवटी एक्स्प्रेस सकाळी नाशिककराला मुंबईला नेते आणि संध्याकाळी परत आणते. मैफलीला निघालेल्या मुंबईकराच्या दृष्टीने ती दोन्ही वेळा उलट्या तोंडाची. दुसऱ्या गाडीने नाशिकरोडला उतरलात, तरी तिथून शहर आठ-दहा किलोमीटर, मग मळा. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, म्हणून सगळे एकाच मिनिटाला उठतात आणि एकाच मिनिटाला टॅक्सीचं ॲप उघडतात. टॉवर मान टाकतो. चुकून फोन लागला तर चालक विचारतो, ‘कुठं जायचंय? कॅश की ऑनलाइन?’ उत्तर ऐकून घेतो, मग रद्द करतो. पुढच्या नाक्यावर पोलीस नळी घेऊन उभे असतातच. कायद्याला शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल चालत नाही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. कायदा बरोबरच आहे. तो आयोजकांच्या फाटकापाशी सुरू होत नाही, ही एवढीच त्याची खोड.

आणि आता त्याच रस्त्यावरून जाणाऱ्या द्राक्षाकडे बघा. परदेशी जाणारा घड कात्रीने अलगद काढतात, क्रेटमध्ये निजवतात, सूर्य चढायच्या आत पॅकहाउसला नेतात. काही तासांत प्रीकूलिंग होतं. मग कोल्ड स्टोरेज, मग शून्य अंशाच्या आसपासचा कंटेनर, मग न्हावाशेवा, मग बोट. तो घड कुठल्या गावच्या, कुठल्या शेतकऱ्याच्या, कुठल्या प्लॉटातला, हे रॉटरडॅमला पेटी उघडणाऱ्याला सांगता येतं. आणि तुमचा मेहुणा रात्री सव्वादहाला कुठल्या प्लॉटात आहे, हे त्याच्या सख्ख्या बहिणीला सांगता येत नाही. द्राक्षाला धक्का लागू नये म्हणून क्रेटला आतून बबलशीट लावतात. माणसाला लावतात मनगटी पट्टा. खाण्याच्या द्राक्षाची ही बडदास्त, पिण्याच्या द्राक्षाचीही थोडीफार, फक्त ते प्यायलेल्या माणसाची वाहतूक कोणाच्याच अखत्यारीत येत नाही. तोच काय तो बेवारस माल.

बरं, गर्दी हलवणं आपल्याला येत नाही असं नाही. तिसऱ्या श्रावणी सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीच्या फेरीसाठी रात्रभर जादा गाड्या सुटतात. भर पावसात, चिखलात, पहाटेपर्यंत. फेरीकरी तिकिटापुरते पैसे देतो, उभ्याने जातो आणि घरी पोचतो. इथे हजारोंचं तिकीट काढणाऱ्याला शहरापर्यंतची बस मिळत नाही, कारण बस लावायला पैसे लागतात आणि पार्किंगचे पैसे मिळतात. एवढं साधं आहे ते! ज्या रानात गाड्या लावायच्या, तिथे आत गेलेल्या साहेबांचे ड्रायव्हर संध्याकाळी चारपासून बसलेले असतात. टॉर्चच्या उजेडात बॉनेटवर पत्ते मांडून, शेंगदाण्यावर. त्यांच्यासाठी ना पिण्याचं पाणी, ना संडास. आत गवतावर गालिचे अंथरायला माणसं मिळतात आणि बाहेर एक टँकर उभा करायला मिळत नाही? आणि दोन पिकअप समोरासमोर आल्या की एकीला बांधावर चढावं लागतं अशा रस्त्यावर, द्राक्षं भरलेला ट्रॅक्टर घेऊन निघालेला गावचा माणूस तुमच्या मोटारींच्या रांगेत दोन-दोन तास खोळंबतो, त्याचं काय? त्याने कुठला पास काढायचा?

तेव्हा राज्यभरातल्या न पिणाऱ्यांनी आता संघटना काढावी आणि एक हंगाम सरळ घरी बसावं. दुसऱ्या दिवशी आयोजकांना बस आठवेल. तोवर आमच्या मागण्या नोंदवून ठेवतो. तिकीट माफ. दर तासाला कटिंग चहा. गाडीत गाणी आमच्या पसंतीची. आणि मागच्या सीटवर जे काही होईल, ते ज्याने केलं त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी बादली घेऊन येऊन स्वतःच्या हाताने धुवावं. पहिल्या तिन्हींवर चर्चा होऊ शकते.