प्रीमियम उतरवण्याचे शास्त्रोक्त विधी

गाडीचा विमा स्वस्त पाडायचा म्हटलं की उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरचा कारमालक आधी मेहुण्याच्या ओळखीच्या एजंटाला फोन लावतो. "बघा ना, काही कमी होतंय का." एजंट बघतो. कागदावर गाडीची किंमत साठ हजारांनी उतरते, प्रीमियम हजारभराने खाली येतो आणि दोन्ही पक्षी समाधान नांदतं. आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, घटवण्याचा हा विधी सर्वांत सोपा आहे. बदलापूर पश्चिमेत तो सर्वांत महागही आहे.

कारण दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी 'टोटल लॉस' ठरते आणि मालकाच्या हाती कागदावरचीच किंमत पडते. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे अडकली. हजाराच्या वर प्रवाशांना बाहेर काढायला एनडीआरएफच्या बोटी आणाव्या लागल्या. जिथे आख्खी एक्स्प्रेस हलली नाही, तिथे हेंद्रेपाड्यातल्या सोसायटीच्या स्टिल्टखाली उभ्या हॅचबॅकने काय पराक्रम करावा? पाणी ओसरल्यावर 'बघू चालू होते का' म्हणत मालक चावी फिरवतो, इंजिनात पाणी ओढलं जातं, आणि साधी पॉलिसी हे नुकसान बहुधा भरत नाही. ते 'इंजिन प्रोटेक्ट' नावाच्या जोडकव्हरात येतं. प्रीमियम कमी करताना पहिली कात्री नेमकी त्यावरच चालते. हरवलेल्या चावीचं कव्हर मात्र दिमाखात राहतं.

आता दुसरा विधी, घासाघीस. गजानन मार्केटमध्ये साडीच्या दुकानात मुरलेला हात इथे लगेच चालवू नये. पॉलिसीचे दोन भाग असतात. त्यातल्या थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा, दर सरकार ठरवतं: १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात १००० सीसीपर्यंतच्या खासगी कारला २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७. यात मेहुणा, एजंट, नगरसेवक कोणाचंही काही चालत नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, म्हणजे ओन डॅमेज, २००७ पासून खुला आहे. घासाघीस करायची ती इथे. शोरूममध्ये पेढ्याच्या बॉक्ससोबत पुढे येणारं कोटेशन घेऊन त्याच आयडीव्हीवर, त्याच कव्हरांसह बाहेर दोन ठिकाणी भाव विचारावा. विमा शोरूममधूनच घेण्याची सक्ती नाही, हे सेल्समनला हसत सांगावं.

तिसरा विधी आपोआप पार पडलेला असतो. कल्याण आरटीओची एमएच ०५ ही पाटी मिरवायला अनेकांना जड जातं. पण जुन्या मोटर टॅरिफमध्ये मुंबई, पुणे धरून आठ शहरं 'अ' विभागात होती आणि उरलेला देश 'ब' विभागात, 'अ'पेक्षा किंचित स्वस्त. पाच वर्षांच्या आतल्या, १००० सीसीपर्यंतच्या गाडीला मुंबईत आयडीव्हीच्या ३.१२७ टक्के, तर 'ब' विभागात ३.०३९ टक्के. पाच लाखांच्या गाडीवर हा फरक ४४० रुपयांचा. नातेवाइकाचा पत्ता दाखवून एमएच ०१ची हौस करणाऱ्यांनी एवढी नोंद घ्यावी.

खरा माल आहे तो नो क्लेम बोनसमध्ये, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल ओन डॅमेजवर मिळणाऱ्या सवलतीत. प्रसंग असा: अंबरनाथ स्टेशनबाहेर रिक्षा मागे घेताना बंपरला घासते. मालक गॅरेजमध्ये जातो. डेंटिंगवाला बंपरवरून अंगठा फिरवतो, पेंट उडालेली कड नखाने खरवडून बघतो आणि विचारतो, "कॅशमध्ये करायचं की इन्शुरन्समध्ये?" कॅशमध्ये तीन हजार. इन्शुरन्समध्ये 'फुकट', असं वाटतं. समजा, ओन डॅमेजचा प्रीमियम दहा हजार आहे आणि मालक पाच वर्षं बिनक्लेमचा, म्हणजे बोनस ५० टक्के. क्लेम केला की पुढच्या वर्षी बोनस शून्य: पाच हजार तिथेच गेले. मग पुन्हा २०, २५, ३५, ४५ अशी एकेक पायरी. फुकटचा बंपर पाच वर्षं हप्ते खातो.

बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, हेही थोड्यांनाच ठाऊक. जुनी गाडी विकताना त्याचं पत्र घेऊन ठेवलं तर नव्या गाडीला तो लावता येतो. ज्यांना मिळालेलाच नाही असे काही जण कंपनी बदलताना 'आहे' म्हणून सांगतात. नवी कंपनी जुनीकडे चौकशी करते, आणि बऱ्याचदा तिला या चौकशीची आठवण क्लेमच्या दिवशीच येते. नूतनीकरण चुकवून ९० दिवस उलटले तर हक्काचा बोनसही बुडतो.

ज्यांना छोटे क्लेम करायचेच नाहीत त्यांनी 'व्हॉलंटरी डिडक्टिबल' घ्यावं, म्हणजे सुरुवातीची ठरावीक रक्कम स्वतः सोसायची. जुन्या टॅरिफमध्ये २,५०० सोसल्यास २० टक्के सूट होती, कमाल ७५०. १५,००० सोसल्यास ३५ टक्के, कमाल २,५००. दुसऱ्या सौद्यात सहा वर्षं काही घडू नये, अशी काटई-बदलापूर रस्त्याला विनंती करावी लागते. पहिला सौदा बरा.

याच टॅरिफात ऑटोमोबाइल असोसिएशनच्या सभासदाला ५ टक्के सूट होती, पण २०० रुपयांच्या आत. सभासदत्वाची फी विचारल्याशिवाय नाचू नये.

या पट्ट्यासाठीच जणू बनवलेला विधी जुलै २०२२ मध्ये आला. विमा नियामकाने किलोमीटरवर आधारित प्रीमियमला परवानगी दिली. बदलापूरचा माणूस सोमवार ते शनिवार लोकलच्या दारात लटकतो. गाडी सोसायटीत कव्हर पांघरून झोपते. रविवारी कोंडेश्वर, बारवी किंवा टिटवाळ्याचा गणपती, की झाला आठवडा. अशा गाडीने रोज ठाण्याला जाणाऱ्या गाडीइतका प्रीमियम का भरावा? मात्र ठरलेले किलोमीटर संपले की टॉप-अप घ्यावा लागतो, तेव्हा मे महिन्यातली कोकणची वारी आधीच हिशेबात धरावी. पगारदार माणूस पॉलिसी घेतो जानेवारीत, आणि गावच्या जत्रेला सगळा गोतावळा याच गाडीत भरतो.

बाहेरून सीएनजी किट बसवून ते न सांगणं हाही एक लोकप्रिय विधी. जुन्या टॅरिफात किटच्या किमतीवर ४ टक्के आणि थर्ड पार्टीचे ६० रुपये, एवढ्या बचतीसाठी आख्खा क्लेम वादात घालणारे धाडसी पुरुष इथल्या प्रत्येक सोसायटीत आढळतात. दोन गाड्या असणारे याउलट, मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात कव्हर दोन्ही पॉलिसींत भरत बसतात. ते एकदा असलं की पुरतं.

सर्वांत स्वस्त पॉलिसी अर्थात व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ होऊन येणारी. डुप्लिकेट मालाबद्दल उल्हासनगरच्या कॅम्पांची जुनी ख्याती आहे आणि तिथली जीन्स टिकतेही. पॉलिसीचं तसं नसतं. क्यूआर कोड स्कॅन करावा, एम-परिवहनवर गाडीचा नंबर टाकून पाहावा.

एवढं सगळं करून आकडा खाली आला की त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, गाडीचा तसाच राहिला. त्यावरचा विधी या मार्गदर्शिकेत नाही; मेहुण्याला विचारावं.